खाडीकाठचं टपाल: झेंडा कोणीकडे उडतोय?

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या. ठाणे पूर्वेला एका रस्त्यालगतच्या भिंतीवर कुणीतरी गलबत रंगवलंय, चांगलं रंगवलंय, पण शीड पुढे फुगलंय आणि झेंडा मागे उडतोय. एवढंच. एरवी पाणीकपात आणि रिक्षाचं मीटर याबद्दल विचारणारे आमचे वाचक त्या भिंतीवर तुटून पडले. कुणाला ऐरोलीत जहाज दिसलं, कुणाला कळव्यात होडी. एकाने फोटोंच्या गठ्ठ्यात चुकून नातवाच्या बारशाचेही पाठवले, तेही पाहिले. बाळ गोड आहे.

माझी ओळख नव्या वाचकांसाठी: मी गोदीत टॅली क्लार्क होतो, म्हणजे जहाजातून उतरणारी पोती मोजून वहीत रेघा मारणारा माणूस. आजोळ चेंदणी कोळीवाड्यातलं. आईचे वडील मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, तांडेल होते, म्हणजे खलाशांचे म्होरके. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर भांडण नको.

ऐरोलीहून एक वाचक लिहितात: काका, मी चौदा वर्षं ऐरोलीत राहते. नाल्याच्या भिंतीवर तीन जहाजं, एक बुरुज आणि फेटा बांधलेला व्यापारी असं चित्र आहे. रोज तिथून स्कूटरवर जाते, कधी दिसलं नव्हतं. परवा चाक पंक्चर झालं म्हणून थांबले तेव्हा दिसलं. या चिखलाच्या खाडीत खरंच जहाजं येत होती का? की चित्रकाराने जागा भरायला काढलीत?

पंक्चरवाल्याला माझ्यातर्फे एक चहा पाजा.

चित्रकाराने जागा भरलेली नाही. नकाशा उघडा आणि नुसती नावं मोठ्याने वाचा. घोडबंदर. नागला बंदर. रेतीबंदर. मीठबंदर. खाडी उतरून बेलापूरला गेलात तर तिथे पुन्हा एक रेतीबंदर. पाणी नुसतं बघायला असतं त्या गावात एवढी बंदरं होत नाहीत. मीठबंदरावर मिठागरांतलं मीठ पडावात चढायचं, रेतीबंदरावर खाडीच्या तळातली रेती उतरायची. आज त्या शब्दांना रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतंच काम उरलंय.

दुसरं म्हणजे, ही खाडी आपल्याला वाटते तशी एका तोंडाची नाही. साष्टी, म्हणजे ठाणं आणि बोरिवली ज्यावर वसलंय ती जमीन, हे बेट होतं. वसईकडून आत शिरायचं, घोडबंदर, गायमुख मागे टाकत ठाण्याशी यायचं आणि कळव्यावरून दक्षिणेला उतरून मुंबईच्या बंदरात निघायचं, असा बेटाला वळसा घालणारा पाण्याचा रस्ता होता. उल्हास नदी कल्याणहून खाली येते ती याच रस्त्याला मिळते. म्हणजे ठाणं हा नाका. नाका आला की जकात आली, जकात आली की किल्ला आला. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला आणि तो धड पुरा व्हायच्या आत, 1737 मध्ये, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. मराठे साष्टीत उतरले ते खाडी ओलांडून. तुमच्या चित्रातला बुरुज बहुधा तोच. तो किल्ला आता ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांनी तो बाहेरूनच पाहिलेला बरा.

याच्याही मागे जायचं तर अरब इतिहासकार बलाझुरी याची एक नोंद मला फार आवडते. इ.स. 636-37 च्या सुमारास बहरीन-ओमानच्या सुभेदाराने खलिफा उमर यांना न विचारता ठाण्यावर आरमार पाठवलं. आरमार परत आलं, सुभेदाराने खुशीत कळवलं, तर खलिफा भडकले. तू लाकडावर किडा बसवून समुद्रात सोडलास, माणसं बुडाली असती तर तुझ्याच कुळातली तेवढी माणसं मी घेतली असती, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी धाडलं. साहेबाला न विचारता काम केलं आणि काम होऊनही बोलणी खाल्ली. गोदीत मी हे पुष्कळ पाहिलंय.

तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो ते आणखी मजेचं. इथून कातडी आणि सुती कापड बाहेर जातं, असं तो सांगतो. आणि सांगतो की इथल्या राजाचं चाच्यांशी साटंलोटं आहे: लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे तेवढे माझे. घोड्यांची आपल्याकडे पैदास कमी, ते अरबस्तानातून जहाजांवर चढून यायचे आणि सोन्याच्या भावाने विकले जायचे. घोडबंदरच्या नावाशी हाच अरबी घोड्यांचा व्यापार जोडतात. आता घोडबंदर रोडवर सकाळी नऊ वाजता उभं राहिलं की घोडाच बरा होता असं वाटतं, ते सोडा.

मग हे थांबलं कशाने? एका रात्रीत नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, 34 किलोमीटर. पुढच्याच वर्षी रेल्वेने खाडीवर पूल टाकून कल्याण गाठलं. धान्य आणि कापड गाडीत चढलं. मीठ, रेती, विटा, कौलं अशा जड आणि स्वस्त मालाला मात्र होडीच परवडत राहिली. माझे आजोबा त्या उरल्यासुरल्या मालातलेच. ते कौलं घेऊन आले की आम्ही पोरं फुटकी कौलं गोळा करून लगोरी खेळायचो. 1973 मध्ये वाशीचा पूल सुरू झाला, ट्रक आले आणि लगोरीची कौलं बंद झाली.

रबाळ्याहून एक विद्यार्थी लिहितो: सर, ठाण्यात एका पुलाच्या खांबावर दगडात कोरल्यासारखं दिसणारं चित्र काढलंय. खालच्या पट्टीत वल्ही असलेल्या नावांची रांग, मधे लढाई, सगळ्यात वर शंकराची पिंड आणि माळा घेतलेल्या बायका. खाली लिहिलंय 'शिवकालीन आरमार'. शिवाजी महाराजांच्या चित्रांत असं कधी पाहिलं नाही. हे काय आहे?

शाब्बास. चित्र बरोबर आहे, पाटी चुकली आहे. चारशे वर्षांनी चुकली आहे.

तू पाहिलंस ती वीरगळाची नक्कल. लढाईत पडलेल्या वीरासाठी उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ, आणि तो खालून वर वाचायचा. तळाशी लढाई, त्याच्यावर मरण, त्याच्यावर अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, टोकाला तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. बोरिवलीजवळ एकसरला असे सहा वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. जमिनीवरच्या लढाईचे वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव सापडतात, पाण्यावरच्या लढाईचे फार थोडे.

बोरिवलीचा दगड ठाण्याच्या खांबावर का, असं तू विचारशील. कारण तेव्हाच्या उत्तर कोकणचे राजे शिलाहार, आणि त्यांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे तू जिथे लोकलमधून उतरतोस ते ठाणं. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवाने त्याच्यावर चाल केली, जमिनीवर हरवलं, तेव्हा सोमेश्वर जहाजांत बसून समुद्रात गेला. यादवही जहाजं घेऊन मागे गेले. 1265 च्या सुमारास सोमेश्वर समुद्रातच संपला. यादवांचा मंत्री हेमाद्री, मोडी लिपीशी ज्याचं नाव जोडतात तो हेमाडपंत, त्याने आपल्या राजाची स्तुती करताना म्हटलंय की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातला अग्नी, बरा वाटला. शत्रूच्या बुडण्यावर इतकी देखणी ओळ लिहिणारा माणूस मला थोडा भीतीदायक वाटतो. एकसरच्या दगडांवर हीच लढाई आहे, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काही जण ते दगड त्याहून दोनेकशे वर्षं जुने ठरवतात.

आता तू वल्ह्यांकडे लक्ष दिलंस, ते विशेष. व्यापाराचं जहाज शिडावर चालतं, कारण वारा फुकट असतो आणि घाई नसते. लढाईत वाऱ्याची वाट कोण बघणार? पुढे मराठ्यांच्या आरमारातसुद्धा दोन्ही प्रकार होते. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. तीन काठ्यांची गुराब 300 टनांपर्यंत जायची. गलबत लहान, बहुतेक 70 टनांच्या आतलं, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबेला दोर बांधून ओढत लढाईत न्यायची. मोठ्या भावाला धाकट्यांनी ओढत नेल्यासारखं.

शिवकालीन आरमाराची खरी पाटी लावायची तर ती कल्याणला लावावी लागेल. ऑक्टोबर 1657 मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याला, खाडीत, जहाजं बांधायला काढली. सुरुवातीला रुय लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीजाच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर कामाला होते. वसईच्या पोर्तुगीज अंमलदाराला धास्ती वाटली, ही जहाजं उद्या आपल्याच अंगावर येतील म्हणून. कारागीर काम टाकून निघून गेले. जहाजं मात्र झाली, आणि अंमलदाराची धास्तीही खरी ठरली. तू दुर्गाडीवर गेला नसशील तर एकदा जा. देवीचं दर्शन घे आणि मग देवळाकडे पाठ करून दोन मिनिटं नुसतं पाण्याकडे बघ.

नेरुळहून एक बाबा लिहितात: माझी सहा वर्षांची मुलगी विचारते की सगळ्या भिंतींवर फ्लेमिंगोच का असतात. मी म्हटलं, इतिहास. ती म्हणाली, फ्लेमिंगो तर आत्ता आहेत. काय सांगू?

तिचं बरोबर आहे असं सांगा. रोहित पक्षी आपल्या खाडीत मोठ्या थव्यांनी दिसू लागले ते 1990 नंतर. माझ्या लहानपणी खाडीवर बगळे होते, गुलाबी काही नव्हतं. 2015 मध्ये खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे जगभर महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आणि स्वच्छ सर्वेक्षणाच्या रंगकामात फ्लेमिंगो हे नवी मुंबईचं जणू बोधचिन्हच झालं. काढायलाही सोपा असतो हो, दोन काड्या आणि एक प्रश्नचिन्ह. माझी तक्रार एवढीच की त्याच चिखलात चिंबोरी आहे, निवटी आहे, बोय मासा आहे, आणि त्यांना भिंतीवर कुणी जागा देत नाही. निवटी चिखलावर टुणटुण उड्या मारते आणि डोळे डोक्यावर घेऊन फिरते. तुमच्या मुलीला ती फ्लेमिंगोपेक्षा जास्त आवडेल, पैज लावा.

दिवाळे गावाहून एक वाचक लिहितात: आमच्या गल्लीच्या तोंडाशी गावातल्या पोरांनी माझ्या आजोबांची होडी रंगवली होती, अगदी नंबरासकट. नारळी पौर्णिमेला तिथे दिवा लावायचो. गेल्या महिन्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायच्या म्हणून रातोरात त्याच्यावर पांढरा हात मारला. तक्रार कुठे करू? आणि चित्र परत मिळेल का?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

तक्रारीचं आधी. सार्वजनिक जागी दिसणाऱ्या भिंतीवर परवानगीशिवाय जाहिरात रंगवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी 1995 चा महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायदा आहे. महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत आधीचा आणि आत्ताचा फोटो जोडा, पोचपावती घ्या. तोंडी सांगून आलात तर ते दारापर्यंतसुद्धा तुमच्याबरोबर येत नाही. पण कागद लिहिण्यापूर्वी एक शोधा: भिंत कुणाची? पालिकेची, सिडकोची, की शेजारच्या सोसायटीची? पोरांनीही परवानगी घेतली नसेल तर तोच कायदा त्यांच्याकडे बोट दाखवेल. मालकाचं दोन ओळींचं संमतीपत्र आता तरी करून ठेवा.

चित्र परत मिळण्याबद्दल. वरचा हात चुन्याचा असेल तर नशीब. ओल्या फडक्याने कोपऱ्यात हळूच पुसून बघा, चुना बोटाला लागतो आणि खालचा रंग डोकावतो. इमल्शनचा हात असेल तर खरवडू नका, खालची होडीही पोपड्याबरोबर निघून येईल. मग नव्यानेच काढायची. नव्याने काढाल तेव्हा घाई नको. खाडीकाठच्या भिंतीचा वैरी पाऊस नव्हे, लोणा. भिंत जमिनीतलं खारं पाणी वर ओढते, पाणी सुकतं, मीठ आत राहतं आणि फुलून रंगाला ढकलतं. म्हणून पावसाळ्यानंतर भिंत चांगली वाळू द्या, पांढरा भुगा तारेच्या ब्रशने कोरडाच झाडा (पाण्याने धुतलात तर मीठ पुन्हा आत जातं), मग बाहेरचा प्रायमर, मग रंग. आणि होडी जमिनीपासून हातभर वर काढा. भिंतीचा खालचा हातभर पट्टा लोण्याचाच असतो, तो त्याला देऊन टाकायचा.

हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाही, पैसे घालवून शिकलो. आजोबांच्या मचव्याचं चित्र मी घराच्या मागच्या भिंतीवर काढून घेतलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात नांगर गेला, तिसऱ्यात सुकाणू. चौथ्यात डोलकाठीवर चढलेला माणूस उरला, हवेत लटकलेला. बायको म्हणाली, आता हा तरी राहू दे. तो अजून आहे.

एक विनंती. आजोबांच्या होडीचा नंबर, नाव, किती हात लांब होती, जाळं डोलीचं होतं की बोक्शीचं, हे सगळं आज रात्री एका वहीत लिहून काढा. घरात कुणी म्हातारी असेल तर तिला विचारून लिहा.

घणसोलीच्या एका शिक्षिका विचारतात: सहावीच्या मुलांना एक दिवस ही भिंतचित्रं आणि खाडी दाखवायची आहे. कुठून सुरुवात करू?

पंचांगातून. खरंच सांगतो. मुलांना नेलंत आणि ओहोटी असली तर समोर नुसता चिखल दिसेल, आणि पोरं म्हणतील, इथे कसली जहाजं? आमच्या कोळीवाड्यात हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती भरलेली असते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. हा हिशेब मुंबईच्या बंदराचा, ठाण्याला पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. पुनवेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं. अष्टमीला भांग, पाणी मरगळलेलं. मुलांना उधाणाच्या दिवशी न्या.

भिंती भरतीच्या आधी बघा, भरतीला ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात पोचा, तिथून खाडीत बोटीची फेरी असते. वेळ उरला तर बेलापूरच्या किल्ल्याचा उरलेला बुरुज. ठाण्याला गेलात तर तुरुंगाच्या भिंतीचे फोटो काढू देऊ नका, पहारेकरी हटकतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

शेवटचं पत्र कळव्याहून, आणि हे मी राखून ठेवलं होतं: काका, ते गलबत मी रंगवलंय. मी जतचा. आमच्याकडे पाणी टँकरने येतं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो ठाण्याला कामाला आल्यावर. ठेकेदाराने मोबाइलवर एक चित्र दाखवलं आणि म्हणाला, दोन दिवसांत हे उतरव. तुम्ही लिहिलंत झेंडा चुकला. बाइक रॅलीत झेंडा मागेच उडतो. मग माझा कसा चुकला? राग नाही, पण सांगा.

बाळा, तुझं पत्र आल्यावर मी तुला फोन केला, आपण त्या भिंतीपाशी भेटलो, तेव्हा तुला उत्तर मिळालेलं आहे. वाचकांसाठी लिहितो.

बाइक इंजिनाच्या जोरावर वारा कापत जाते, म्हणून झेंडा मागे पडतो. शिडाच्या जहाजाला इंजिन म्हणजे वाराच. वारा मागून येतो, शीड पुढे फुगतं, तोच वारा झेंड्यालाही लागतो, म्हणून झेंडाही पुढेच उडतो, जहाज जाणार त्या दिशेला. शीड पुढे आणि झेंडा मागे असेल तर दोन वारे समोरासमोर आले, आणि तसलं वादळ मी गोदीतही ऐकलं नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात टोपली घेऊन एक मावशी तिथून चालल्या होत्या. थांबल्या. चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"आरं, शीर फुरं न झेंडा मांगं? यो वारा कंचा रं?"

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. तो पोरगा लाजला, मग हसला. मावशींनी टोपली खाली ठेवली आणि पुढची वीस मिनिटं भिंतीसमोर शाळा भरली. शिडं चौकोनी का काढलीस? (ठेकेदाराचं चित्र विलायती जहाजाचं होतं. आपल्याकडची शिडं तिरक्या लांब वाशाला बांधलेली, तिकोनी दिसणारी.) सुकाणू धरायला माणूस कुठाय? नांगर नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला हवा, तो मागे कशाला टांगलास? खलाशी टोपी घालून का उभा आहे, बँडवाला आहे का? पोराने खिशातून पेन्सिल काढली आणि मावशी सांगतील तशा भिंतीवरच बारीक रेघा मारत गेला. मी गोदीत इतकी वर्षं रेघा मारल्या, पण कुणाचं बोलणं इतक्या झरझर उतरवून घेतलेलं पाहिलं नाही.

जाताना मावशींनी त्याला चार बोय दिले. पैसे घेतले नाहीत. जतच्या पोराला ते साफ कसे करायचे हे ठाऊक नव्हतं, तो प्रश्न त्याने मला विचारला आणि मी बायकोकडे पाठवला.

परवा त्याचा फोन होता. झेंडा फिरवला, शिडं तिकोनी केली, टोपी काढली. तळाचा रंग कुठला द्यायचा, असं विचारत होता. आधी काळा दिला होता. सांगतो. लाकडी जहाजाला पाण्यातला किडा पोखरतो, म्हणून होडी ओहोटीला कलती करून चुना आणि चरबी कालवून तळाला फासायचे. वरच्या फळ्यांना माशाचं तेल, त्याने लाकूड तपकिरी, तुकतुकीत दिसायचं आणि गल्लीभर वास सुटायचा. वास भिंतीवर काढता येत नाही. पण पाण्याच्या रेघेखाली जो पट्टा येईल तो पांढरा कर. तुझ्याकडे पांढऱ्याचा अर्धा डबा उरलाय म्हणालास ना, तो तिथेच संपव.